सहकाऱ्याने सियूमला बोलावलंय: जायचं का, तिथे काय होतं, काय न्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की विचारणारे न्यू जर्सीत नोकरी करतात, टीममधल्या ज्यू सहकाऱ्याने ज्यू धर्मशास्त्राच्या तालमुद या ग्रंथसंग्रहातला मेगिल्ला नावाचा ग्रंथ वाचून पूर्ण केलाय आणि वडिलांच्या पुण्यतिथीच्या दिवशी घरी सियूम ठेवलाय, त्याचं आमंत्रण आलंय. हा प्रसंग दुःखाचा की आनंदाचा, सोबत काय न्यायचं, काय बोलायचं, आणि ज्यू नसलेल्या माणसाने तिथे बसून करायचं तरी काय.

पहिलं उत्तर, जा. नक्की जा. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, मूळचा रायगडकडचा, आता बरीच वर्षं इस्राएलमध्ये अश्दोदला आहे आणि रोज पहाटे तालमुदच्या शिऊरला, म्हणजे सामूहिक अभ्यासाला बसतो, अधूनमधून शिकवायची पाळीही येते. त्यामुळे सियूम सगळ्या आकाराचे बघितलेत, हॉल भाड्याने घेऊन केलेले आणि बिस्किटांच्या पुड्यावर उरकलेलेसुद्धा.

आधी थोडं बॅकग्राउंड. तालमुद हे एक पुस्तक नाही, ते मसेखेत नावाच्या वेगवेगळ्या ग्रंथांचं भांडार आहे. बाबिलोनी तालमुदात ज्यांच्यावर पूर्ण चर्चा आहे असे 37 मसेखेत धरतात, कोणी 14 व्या पानावर संपतं तर बावा बात्रासारखं 176 व्या पानापर्यंत जातं. पानं म्हणजे दोन्ही बाजूंचं पान, त्याला दाफ म्हणतात, आणि जवळपास प्रत्येक मसेखेत पान 2 पासून सुरू होतं, म्हणून मेगिल्ला 32 व्या पानावर संपत असलं तरी मोजायला गेलात तर पानं 31. ऐकायला कमी वाटतं, पण एकेक पान अरामी भाषेत, विरामचिन्हं नाहीत, मधेच कोणाचा प्रश्न सुरू होतो आणि कोणाचं उत्तर संपतं ते आपणच ओळखायचं, बाजूला राशी या मध्ययुगीन रब्बीची टीका, दुसऱ्या बाजूला तोसाफोत, म्हणजे त्याच्या नंतरच्या टीकाकारांच्या टिपा. नोकरी करणाऱ्या माणसाने स्वतःच्या वेगाने मेगिल्ला संपवलं असेल तर त्यामागे कित्येक महिन्यांच्या रात्री असतात. तर असं एखादं मसेखेत पुरं झालं की जो कार्यक्रम करतात तो सियूम. पारायणाचं उद्यापन करतात तसं समजा, फरक एवढाच की इथे नुसतं वाचून चालत नाही, समजून, वाद घालून पुढे सरकायचं असतं.

आता "मी बाहेरचा, मी काय करू" हा जो प्रश्न आहे ना, त्याचं उत्तर या प्रथेच्या मुळाशीच आहे आणि मला स्वतःला तो भाग सगळ्यात जास्त आवडतो. शब्बात मसेखेतमध्ये, 118 व्या पानाच्या शेवटी आणि 119 च्या सुरुवातीला, वेगवेगळे रब्बी आपापल्या आयुष्यातली एकेक चांगली सवय सांगतायत, की मला पुण्य मिळालं तर या गोष्टीचं मिळो. तिथे अबाये नावाचा चौथ्या शतकातला बाबिलोनचा मोठा रब्बी म्हणतो की एखाद्या तरुण विद्यार्थ्याने मसेखेत पूर्ण केलं की मी सगळ्या रब्बींसाठी सणासारखा दिवस करायचो. लक्षात घ्या, पुस्तक संपवलं पोराने, जेवण दिलं अबायेने. अबाये त्या वेळी पुम्बदिताच्या विद्यापीठाचा प्रमुख, त्याला स्वतःला संपवायचं काही बाकी नव्हतं. सियूमचा जो आधार पुढच्या सगळ्या ग्रंथकारांनी दिला तो हाच, दुसऱ्याचं पूर्ण झालं म्हणून आपण खूश व्हायचं. सोळाव्या शतकात क्राकोच्या रब्बी मोशे इस्सरलेस यांनी, ज्यांना रमा म्हणतात, ते कायद्याच्या स्वरूपात लिहून ठेवलं की मसेखेत पूर्ण झाल्यावर आनंद करणं आणि जेवण करणं ही मित्स्वा, म्हणजे धार्मिक कर्तव्य आहे, त्या जेवणाला सेउदत मित्स्वा, मित्स्वाचं जेवण म्हणायचं, लग्नाच्या किंवा ब्रिस मिलाच्या, म्हणजे खतन्याच्या जेवणाच्या रांगेतलं. त्यामुळे जो पाहुणा स्वतः एक ओळ शिकलेला नाही तोही त्या जेवणात पूर्ण हक्काने बसतो, अर्धे लोक तसेच असतात.

पुण्यतिथी आहे म्हणून चेहरा पाडून जाऊ नका. आम्हा ज्यूंकडे आईवडील गेले त्या तारखेला, म्हणजे हिब्रू कॅलेंडरच्या तारखेला, त्यांच्या आत्म्यासाठी काहीतरी शिकायचं ही फार रुळलेली पद्धत आहे, बरेच जण वर्षभर आधीपासून हिशेब करून बरोबर त्या दिवशी शेवटची ओळ येईल असं बघतात. शेवटच्या दोन-चार ओळी मुद्दाम शिल्लक ठेवतात, त्या सगळ्यांसमोर वाचायच्या. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा ग्रंथ तांत्रिकदृष्ट्या संपलेला नसेल, तो तुमच्या डोळ्यांदेखत संपेल.

मेगिल्लाचा शेवट मी सांगूनच ठेवतो म्हणजे तुम्हाला तिथे धागा सापडेल. 32 व्या पानावर शेवटी येतं की मोशेने, म्हणजे मोझेसने, इस्राएल लोकांना घालून दिलं की त्या त्या सणाचा विषय त्या त्या सणाला विचारायचा आणि समजावून सांगायचा, पेसाखचे नियम पेसाखला, शावुओतचे शावुओतला, सुक्कोतचे सुक्कोतला. बस, तिथे संपतं. ही ओळ झाली की तो बहुतेक छोटं भाषण करेल, त्याला हदरान म्हणतात आणि त्यात पद्धत अशी की ग्रंथाचा शेवट ग्रंथाच्या सुरुवातीशी जोडायचा. मेगिल्लाची सुरुवात काय आहे? एस्तेर राणीची कथा पुरीमच्या सणाला वाचायची ती अदार महिन्याच्या 11, 12, 13, 14 किंवा 15 तारखेला वाचता येते. 15 ला कोण, तर मोशेनंतरचा नेता येहोशुआ, त्याच्या काळापासून तटबंदी असलेली शहरं, बाकीचे 14 ला, आणि खेड्यातल्या लोकांना सवलत, त्यांनी बाजारगर्दीच्या दिवशी, सोमवारी किंवा गुरुवारी, गावात आले की आधीच वाचून घ्यायचं. आता बघा, शेवट सांगतो प्रत्येक गोष्ट तिच्या दिवशीच, आणि सुरुवात सांगते खेडवळ माणसासाठी दिवस पुढेमागे केला तरी चालेल. या दोन टोकांत मेळ कसा घालायचा यावर शंभर प्रकारे बोलता येतं. कोणी म्हणेल नियम सवलतीसकट "त्याच्या वेळेला"च आहे, कोणी म्हणेल खेड्यातला माणूस बाजाराला येतो तोच त्याचा सण. तुमचा मित्र काय म्हणतो ते ऐका, मला तर ऐकायला आवडेल. नवशिक्यांना मी नेहमी सांगतो की भाषण सात-आठ मिनिटांत आटपा, लोक उपाशी असतात आणि आतल्या खोलीतून वास येत असतो, पण ऐकतं कोण.

भाषणाच्या आधी किंवा नंतर, घराघरात क्रम वेगळा, मुख्य भाग येतो तो हदरानची प्रार्थना. व्हिल्नाच्या छपाईच्या ग्रंथात ती मसेखेताच्या शेवटी छापलेलीच असते, मसेखेतचं नाव घालून म्हणायची. हदरान अलाख मसेखेत मेगिल्ला, व्हदराख अलान. आम्ही तुझ्याकडे परत येऊ मेगिल्ला, आणि तू आमच्याकडे ये, आमचं चित्त तुझ्यावर आणि तुझं चित्त आमच्यावर, आम्ही तुला विसरणार नाही आणि तू आम्हाला विसरू नकोस, या जगात नाही आणि येणाऱ्या जगातही नाही. तीन वेळा म्हणतात. पुस्तकाशी इतकं थेट बोलणं मी तरी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही. आणि ते म्हणणाऱ्याला पक्कं माहीत असतं की सहा महिन्यांत यातलं निम्मं डोक्यातून जाणार आहे. जातंच. पहिली पन्नास पानं शेवटाला पोचेपर्यंत धुवून निघतात, याची लाज वाटून घेण्यात अर्थ नाही, परत यायचं कबूल केलं की झालं.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट येते, पहिल्यांदा ऐकणारा गोंधळतो म्हणून सांगतो. दहा नावं वाचतात. हनिना बार पापा, रामी बार पापा, नहमान बार पापा, अहाई बार पापा, अब्बा मारी बार पापा, रफराम बार पापा, राखीश बार पापा, सुरहाव बार पापा, अदा बार पापा, दारू बार पापा. हे तालमुदातल्या राव पापा या रब्बीचे दहा मुलगे. शेवटचं नाव ऐकून मराठी माणसाला हसू येतं, येऊ द्या पण आवाज करू नका. ही नावं का, तर सर्वसाधारण समजूत अशी की ती म्हटली की शिकलेलं विसरत नाही, आणि दुसरं कारण असं सांगतात की राव पापा सुखवस्तू होता, तो सियूमची जेवणं मोठी करायचा आणि सगळे मुलगे हजर असायचे. खरं काय ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण शतकानुशतकं ही यादी वाचली जातेय, आणि मला तरी ते आवडतं की एवढ्या मोठ्या विद्येच्या प्रसंगाला एका घरातल्या पोरांची हजेरी घेतात.

मग आभाराचा भाग. बेराखोत मसेखेतच्या 28 व्या पानावर रब्बी नेहुन्या बेन हकाना अभ्यासगृहातून बाहेर पडताना जे म्हणायचे त्यावरून तो घेतलाय, देवा तू माझा वाटा अभ्यासगृहात बसणाऱ्यांत ठेवलास, कोपऱ्यावर बसणाऱ्यांत नाही, आम्हीही लवकर उठतो, तेही उठतात, आम्हीही धावतो, तेही धावतात. थोडा तोरा आहे त्यात, मला पूर्वीपासून जरा खटकतो, पण प्रार्थना आहे, बदलत नाही.

आणि शेवटी मोठा कद्दिश, म्हणजे देवाच्या स्तुतीची अरामी प्रार्थना. नेहमीचा कद्दिश तुम्ही कधी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला गेला असाल तर ऐकला असेल. सियूमचा कद्दिश त्याहून लांब, त्यात देव हे जग नव्याने घडवेल, मृतांना उठवेल, यरुशलेम आणि मंदिर पुन्हा उभं करेल असं येतं. हाच मजकूर दफनाच्या वेळी कबरीजवळ म्हणतात आणि इथे ग्रंथ संपल्यावर. पुण्यतिथीला केलेल्या सियूममध्ये मुलगा हा कद्दिश म्हणतो तेव्हा खोलीत बदल जाणवतो, बोलके लोक गप्प होतात. शब्द अवघड आहेत, सुरुवातीलाच बेअल्मा दी हू आतिद ले-इतहद्ता, वर्षानुवर्षं शिकलेले लोक अडखळतात कारण हा मजकूर रोजच्या म्हणण्यात नसतो. म्हणून मी शिऊरमधल्या पोरांना सांगतो, आदल्या रात्री चार वेळा मोठ्याने वाचा. यासाठी मिन्यान, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष लागतात, काही उदारमतवादी मंडळींत बायकाही मोजतात. दहा जमले नाहीत तर सियूम होतो, कद्दिश तेवढा गाळतात. तुम्ही त्या दहात धरले जाणार नाही, त्यात अपमान नाही. कद्दिश चालू असताना उभे राहा, लोक आमेन म्हणतील तेव्हा म्हटलंत तरी चालेल, नाही म्हटलंत तरी चालेल.

लगेच पुढचं मसेखेत उघडून दोन ओळी वाचतात, बसल्या बसल्या. मग हात धुवून जेवण.

जेवणाबद्दल आणि नेण्याबद्दल, कारण लोक इथेच चुकतात. घरी बनवलेलं काहीही नेऊ नका, अगदी शुद्ध शाकाहारी असलं तरी, कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, किचनमध्ये तयार झालेलं नसेल तर ते त्याला टेबलवर ठेवता येणार नाही आणि तुम्हाला परत करतानाही त्याला अवघडल्यासारखं होईल. आणायचंच तर सीलबंद, ज्यावर कोशेरचा छाप आहे असं चॉकलेट वगैरे, न्यू जर्सीत कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतं. वाइन टाळा. कडक पाळणाऱ्या घरात न उकळलेल्या कोशेर वाइनची उघडी बाटली ज्यू नसलेल्या माणसाने ओतली तर ती वाइन ते पीत नाहीत, तेव्हा उगाच मदत म्हणून ग्लास भरायला पुढे जाऊ नका, दुसऱ्याने भरू दे. पुरुष असाल तर टोपी, कुठलीही, त्याच्या घरी एक्स्ट्रा किप्पा असतोच. बायका-पुरुष वेगळे बसतात का ते घरावर आहे, जाताना बघा आणि तसं करा. पार्टी म्हणाल तर दोन टोकं, एक तर मटण-चिकनसकट व्यवस्थित जेवण, नाहीतर सिनेगॉगमधली जुनी पद्धत, केक, हेरिंग मासा, व्हिस्कीचे छोटे ग्लास आणि लेखाइम, म्हणजे आपलं चिअर्स. दोन्ही सियूमच.

आमच्याकडे बेने इस्राएलांत खरं सांगायचं तर सियूमची जुनी परंपरा नाही. कोकणात शेकडो वर्षं आमच्या लोकांकडे तालमुद नव्हतंच, शब्बात पाळायचा, शेमा ही मुख्य प्रार्थना म्हणायची, खतना, खाण्यापिण्याचे नियम, एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाचा मलिदा, एवढ्यावर धर्म टिकवला. एकोणिसाव्या शतकात मराठीतून हगादा, म्हणजे पेसाखच्या रात्री वाचायच्या पोथ्या, छापल्या गेल्या, मुंबईत 1846 ला आणि पुण्यात 1874 ला, पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी कितीतरी प्रार्थना मराठीत आणल्या, पण तालमुद शिकायला लागलो ते बहुतेक इस्राएलला आल्यावर. म्हणून मी माझ्या सियूमला केकच्या शेजारी मलिदा ठेवतो, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. शिऊरमधले मोरोक्कन म्हातारे आधी संशयाने बघायचे, पोहे, खजूर आणि केळं यांच्यावर कुठली बेराखा, म्हणजे खाण्याआधीची प्रार्थना, आधी म्हणायची यावर अर्धा तास वाद घातला, आणि आता मलिदा नसेल तर विचारतात.

तुम्ही विचारलं नाहीत पण दोन प्रसंग असे आहेत की सियूमचा कायद्याने उपयोग होतो, तुमचा मित्र त्यावरून विनोद करेल तर कळायला हवं. पेसाखच्या आदल्या दिवशी घरातल्या पहिल्या मुलाने उपास करायचा, इजिप्तमध्ये पहिली मुलं मेली आणि इस्राएलांची वाचली त्याची आठवण. पण त्या सकाळी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेनंतर कोणीतरी मसेखेत संपवतो, सगळे पहिले मुलगे ऐकतात, सेउदत मित्स्वा म्हणून केकचा तुकडा खातात आणि उपास सुटतो. केक खमिराचा, आणि पेसाखला खमीर वर्ज्य, ते खायची मुदत त्याच सकाळी काही तासांत संपणार, त्यामुळे घड्याळाकडे बघत, कोटावर चुरा पडू न देता खायचा. 2020 ला कोविडमध्ये सिनेगॉग बंद, तेव्हा बऱ्याच रब्बींनी झूमवरून ऐकलेला सियूमही चालेल असं सांगितलं.

दुसरा प्रसंग, तिशा बेआव या शोकाच्या उपासापर्यंतचे नऊ दिवस. मंदिराच्या नाशाच्या शोकात मांस आणि वाइन बंद. पण सियूमच्या जेवणात दोन्ही चालतात, रमाने तसं लिहिलंय, आणि तिशा बेआव ज्या आठवड्यात येतो त्यात तर मोजून दहा माणसांनाच असंही लिहिलंय. आता लोक हुशार, न्यूयॉर्क भागात त्या दिवसांत काही मटणाच्या हॉटेलांत रोज संध्याकाळी कोणीतरी सियूम करायला बसलेलाच असतो, दोन मिनिटांत शेवटची ओळ, आमेन, आणा स्टेक. माझं मत विचाराल तर ज्याने खरंच त्या वेळेला अभ्यास संपवलाय त्याने बेलाशक खावं, पण स्टेकसाठी दुसऱ्याची शेवटची ओळ ऐकायला धावणं मला पटत नाही. खबाद या हसिदी पंथाच्या लोकांची पद्धत मला जास्त बरी वाटते, ते नऊही दिवस रोज सियूम करतात पण मांसाला हात लावत नाहीत, शोकाच्या दिवसांत परवानगी असलेला थोडा आनंद म्हणून फक्त शिकतात.

आणि स्टेडियमवाला सियूम तुम्ही ऐकला असेल कारण तो तुमच्याच राज्यात होतो. त्याची गोष्ट अशी की 1923 च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नाला अगुदात इस्राएल या सनातनी ज्यूंच्या संघटनेच्या परिषदेत पोलंडचे रब्बी मेईर शापिरो यांनी सुचवलं की जगातल्या सगळ्या ज्यूंनी रोज एकच पान शिकावं, दाफ योमी, म्हणजे माणूस जहाजातून कुठेही उतरला तरी तिथल्या अभ्यासगृहात तेच पान उघडलेलं सापडेल. शिवाय कोणी हात न लावणारे मसेखेत आपोआप शिकले जातील हाही हेतू. 11 सप्टेंबर 1923, रोश हशनाला सुरुवात झाली. आता 2,711 पानं, म्हणजे साधारण साडेसात वर्षांचं एक चक्र. पहिला सियूम फेब्रुवारी 1931 ला लुब्लिनमध्ये त्यांच्याच नव्या येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत झाला, शापिरो 1933 ला गेले, दुसरा 1938 ला झाला, आणि त्यानंतर पोलंडमध्ये काय झालं ते सांगायला नको. युद्धानंतर जर्मनीतल्या छावण्यांत वाचलेल्यांना शिकायला ग्रंथच उरले नव्हते, तेव्हा अमेरिकन सैन्याच्या मदतीने 1948 च्या सुमारास हायडेलबर्गला पूर्ण तालमुद छापलं गेलं. तेराव्या चक्राचा सियूम 1 जानेवारी 2020 ला मेटलाइफ स्टेडियममध्ये, नव्वद हजारांच्या आसपास लोक, कडाक्याच्या थंडीत. चारच दिवसांनी यरुशलेममध्ये 3,000 हून जास्त बायकांचा सियूम झाला, रानानाच्या मिशेल कोहेन फार्बर यांच्या हदरान संस्थेचा, आणि माझ्या मते त्या वर्षातला खरा बदल तो होता, कारण माझ्या आजीच्या पिढीत बाईच्या हातात गेमारा, म्हणजे तालमुदचा ग्रंथ, कोणी दिला नसता. सध्याचं चौदावं चक्र 7 जून 2027 ला निद्दा मसेखेतवर संपतं आणि दुसऱ्या दिवशी बेराखोत पान 2.

तरीही निवड करायला सांगितली तर मी स्टेडियमपेक्षा तुमच्या मित्राच्या घरच्या हॉलमधला सियूम घेईन. तिथे माणूस दिसतो, पुस्तकाच्या कडा दुमडलेल्या दिसतात, पेन्सिलीच्या खुणा दिसतात.

काय बोलायचं, तर मझल तोव, म्हणजे अभिनंदन, पुरेसं आहे, कद्दिशनंतर हात मिळवताना यशर कोआख, म्हणजे शाब्बास, म्हणालात तर तो चाट पडेल. वडिलांबद्दल एखादं वाक्य विचारा, ते कुठले होते, काय करायचे, सांगायलाच त्याने तो दिवस निवडलाय. आणि "पुढचं मसेखेत कुठलं घेतलंस" हे विचाराच, फक्त निघायच्या वेळी दारात उभं राहून विचारू नका, शेवटची ट्रेन जाईल.